चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज येतो: बॅटरी, जोडण्या की सेल्फ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चावी फिरवल्यावर बॉनेटखालून 'टक' असा आवाज येतो, डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन फिरत नाही. जंपर केबल लावून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर गाडी एकदा सुरू झाली, दिवसभर नीट चालली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच झाले. एकाने बॅटरी बदलायला सांगितले आहे, दुसऱ्याने सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवायला. यांपैकी कोणाचे ऐकावे?

मोजमाप केल्याशिवाय दोघांपैकी कोणाचेही ऐकू नये, असे माझे मत आहे. उतरलेली बॅटरी, क्षार चढलेले टर्मिनल, सैल झालेली किंवा गंजलेली अर्थिंगची (इंजिन आणि बॉडी यांना विजेने जोडणारी) पट्टी, सोलेनॉइडमधले जळलेले संपर्क, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजलेले कार्बन ब्रश आणि क्वचित खुद्द इंजिनच अडकलेले असणे, इतकी निरनिराळी कारणे या एका लक्षणामागे असू शकतात. त्यांतली पहिली तीन बाकीच्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा आढळतात. अंदाजाने भाग बदलण्यात आणखी एक फसगत असते. नवी बॅटरी किंवा नवा सेल्फ बसवताना टर्मिनल आपोआप घासले जातात, नट घट्ट आवळले जातात, गाडी सुरू होते आणि श्रेय नव्या भागाला मिळते. जुना भाग चांगलाच होता हे कोणाच्या लक्षातही येत नाही. खरे कारण शोधायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि चावी फिरवायला एक मदतनीस एवढे पुरते.

आधी हा आवाज कोठून येतो ते पाहू, कारण त्याचा प्रकार ओळखला तर अर्धा तपास बसल्या जागी होतो. सेल्फच्या पाठीवर लहान नळकांड्यासारखा जो भाग असतो तो सोलेनॉइड. चावीकडून त्याला वीज मिळाली की त्यातला लोखंडी दट्ट्या आत ओढला जातो आणि एकाच हालचालीत दोन कामे होतात: एका टोकाने सेल्फचे छोटे दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि दुसऱ्या टोकाला असलेली तांब्याची चकती दोन जाड संपर्कांवर आपटून बॅटरीचा मुख्य प्रवाह मोटरला जोडते. ऐकू येणारा 'टक' हा या आपटण्याचा आवाज आहे. म्हणजे तो ऐकू आला, तर चावी, इग्निशन स्विच, क्लच किंवा गिअरवरचा सुरक्षा स्विच आणि सोलेनॉइडपर्यंतची बारीक तार हे सगळे बहुतांशी आपापले काम करत आहेत, असा चांगला पुरावा हातात येतो. दोष बहुधा जाड तारांच्या मार्गात किंवा त्या मार्गाच्या दोन टोकांना, म्हणजे बॅटरीत किंवा मोटरमध्ये, असतो.

आवाज एकाच प्रकारचा नसतो. चावी धरून ठेवली असताना टकटकटकटक असा भराभर आवाज येत राहिला, तर संशय जवळजवळ नेहमी बॅटरीवर किंवा तिच्या जोडण्यांवर घ्यावा. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक दट्ट्याला जोराने आत ओढते, दुसरी त्याला तेथे धरून ठेवते. चकती संपर्कांवर टेकताच ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज मिळते, त्यामुळे तिचे काम थांबते आणि सगळा भार धरून ठेवणाऱ्या गुंडाळीवर येतो. नेमक्या त्याच क्षणी मोटर शेकडो अँपिअर मागते. बॅटरी अशक्त असेल तर व्होल्टेज धाडकन खाली येते, धरणारी गुंडाळी दट्ट्या सोडून देते, मोटरचा प्रवाह तुटतो, व्होल्टेज पुन्हा सावरते आणि दट्ट्या पुन्हा आत ओढला जातो. सेकंदाला अनेक वेळा हेच चक्र फिरत राहते. सोलेनॉइड बिघडला म्हणून असा आवाज येतो, हा समज चुकीचा आहे. उलट तो आपले काम इमानाने करत असतो, त्याला पुरेसे व्होल्टेज मिळत नसते.

एकच जड, ठोस 'टक' आला आणि चावी धरून ठेवूनही पुढे काही झाले नाही, तर दट्ट्या आत गेला आणि तेथेच टिकला आहे, पण मोटर फिरलेली नाही. येथे संपर्क, ब्रश, जाड तारेतला अडथळा किंवा अडकलेले इंजिन यांचा विचार करावा लागतो. तिसरा प्रकार म्हणजे डॅशबोर्डच्या आतून किंवा फ्यूज बॉक्समधून येणारा हलका, बारीक 'टिक'. तो रिलेचा, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या विद्युत स्विचचा, असतो. रिले वाजतो आणि सेल्फकडून काहीच आवाज येत नाही, तर रिलेचे आतले संपर्क जळले आहेत, रिलेपासून सोलेनॉइडपर्यंतची तार तुटली आहे किंवा सोलेनॉइडची गुंडाळीच गेली आहे. आवाज नक्की कोठून येतो हे चालकाच्या जागेवरून कळत नाही. मदतनीसाला चावी फिरवायला सांगून आपण बॉनेटपाशी उभे राहावे. अशा प्रत्येक वेळी गाडी न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये असावी, हँडब्रेक पूर्ण ओढलेला असावा आणि हात, कपडे पंख्याच्या व पट्ट्याच्या जवळ नसावेत, कारण आतापर्यंत हटून बसलेले इंजिन तपासणीच्या मध्येच सुरू होऊ शकते.

आता दिवे लागतात आणि हॉर्न वाजतो या मुद्द्याकडे येतो, कारण बहुतेकांची दिशाभूल येथेच होते. आतला छोटा दिवा एक अँपिअरही घेत नाही. हॉर्न काही अँपिअर घेतो. लहान पेट्रोल इंजिनचा सेल्फ मात्र इंजिन फिरवताना शंभर ते दीडशे अँपिअर घेतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त, आणि सुरुवातीच्या क्षणी मागणी याच्या कित्येक पट असते. समजा, टर्मिनलवर चढलेल्या क्षारामुळे त्या जागी फक्त 0.02 ओहम इतका रोध तयार झाला आहे. एक अँपिअरच्या दिव्यासाठी तेथे 0.02 व्होल्ट वाया जातील. डोळ्याला काही फरक दिसणार नाही. पण दीडशे अँपिअरला त्याच जागी 3 व्होल्ट वाया जातात आणि सेल्फला बारापैकी नऊसुद्धा धड मिळत नाहीत. म्हणून दिवे लागणे हा बॅटरी किंवा जोडण्या चांगल्या असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. याच कारणाने मीटरच्या ओहम पट्टीवर जाड तारा तपासणेही निरर्थक आहे. तारेतल्या शेकडो बारीक तंतूंपैकी एकच शाबूत असला तरी मीटर जवळपास शून्य ओहम दाखवेल, आणि तो एक तंतू सेल्फचा प्रवाह वाहू शकणार नाही. जी काही परीक्षा घ्यायची ती भार चालू असतानाच घेतली पाहिजे.

मीटर नसेल तर हेडलाइट हाच मीटर समजून एक प्राथमिक परीक्षा करता येते. हेडलाइट लावून गाडी भिंतीसमोर उभी ठेवावी, म्हणजे उजेडातला बदल नीट दिसतो, आणि चावी फिरवावी. दिवे अगदी मंद झाले किंवा विझले, तर बॅटरी रिकामी आहे, तिची मुख्य जोडणी खराब आहे किंवा अडकलेल्या मोटरने सगळा प्रवाह ओढला आहे. दिव्यांवर काहीच परिणाम झाला नाही आणि तरी सेल्फकडून 'टक' आला, तर मोठा प्रवाह वाहतच नाही. म्हणजे मार्ग कोठेतरी तुटलेला आहे, बहुधा सोलेनॉइडच्या संपर्कांत, ब्रशमध्ये किंवा इंजिनच्या अर्थिंगमध्ये. काही नव्या गाड्या सेल्फ मारताना हेडलाइट स्वतःहून बंद करतात, त्यांत मात्र या परीक्षेचा उपयोग होत नाही.

मीटर असेल तर तो डीसी 20 व्होल्टच्या पट्टीवर ठेवून बॅटरीपासून सुरुवात करावी. गाडी काही तास उभी असताना बॅटरीचे व्होल्टेज 12.6 किंवा थोडे अधिक असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.4 म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, 12.2 म्हणजे निम्मी आणि 12.0 च्या आसपास म्हणजे जवळजवळ उतरलेली. गाडी नुकतीच चालवून थांबवली असेल किंवा चार्जर काढला असेल तर हे आकडे फसवे जास्त येतात. दोन-तीन मिनिटे हेडलाइट लावून, मग बंद करून, थोड्या वेळाने वाचन घ्यावे. पण उभ्या गाडीतले वाचन ही केवळ पहिली पायरी आहे. खरी परीक्षा चावी फिरवताना होते: मीटरच्या तारा बॅटरीवर ठेवून मदतनीसाला चावी फिरवायला सांगावे. व्होल्टेज 10 च्या वर राहिले तर बॅटरीबद्दल फारशी तक्रार नाही, 9.6 च्या खाली गेले तर बॅटरी रिकामी किंवा म्हातारी आहे किंवा मोटर अवाजवी प्रवाह ओढत आहे. पूर्ण चार्ज करून 12.6 दाखवणारी बॅटरी भार पडताच 6 किंवा 4 व्होल्टवर आली, तर तिच्या आतली जोडणी तुटली आहे किंवा प्लेटा निकामी झाल्या आहेत. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही. कितीही वेळ चार्ज करून ती 10.5 व्होल्टच्या आसपासच अडत असेल, तर सहापैकी एक सेल मेला आहे, कारण प्रत्येक सेल सुमारे 2.1 व्होल्टचा असतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने हे आणखी स्पष्ट होते: भरलेल्या सेलच्या द्रावाची घनता 1.265 ते 1.280 च्या दरम्यान असते आणि पाच सेल सारखे असून एकच खूप मागे असेल तर निकाल तेथेच लागतो.

बॅटरी भार पडल्यावरही 11-12 व्होल्ट धरून आहे आणि तरी सेल्फ फिरत नाही, असे दिसले तर अनेक जण लगेच सेल्फ उतरवायला घेतात. माझा आग्रह असा की त्याआधी टर्मिनल पाहावेत, आणि तेही नुसते वरून नव्हे. पांढरा-हिरवट फुलोरा आलेला टर्मिनल सगळ्यांना दिसतो. दगा देतो तो वरून स्वच्छ दिसणारा. क्लॅम्प सोडवून शिशाच्या खुंटीवरून वर ओढून काढला की त्याच्या आतल्या बाजूला आणि खुंटीवर करडा-काळसर, गुळगुळीत थर दिसतो. तो नखाने निघत नाही, पॉलिश पेपरने घासल्यावर खालून चांदीसारखे चमकणारे शिसे उघडे पडते. हाच थर पन्नास अँपिअरपर्यंत कसाबसा साथ देतो आणि सेल्फ मारताना मार्ग अडवतो. साफ करताना निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढावा आणि शेवटी लावावा, कारण निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून टाकला की क्षार फसफसून निघतात. फक्त ते पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ देऊ नये. शेवटी क्लॅम्प इतका घट्ट असावा की हाताने जोर लावूनही तो खुंटीवर किंचितही फिरू नये. नट पूर्ण आवळूनही तो सैलच राहत असेल, तर क्लॅम्प ताणला गेला आहे. त्यात पत्र्याची पट्टी कोंबण्यापेक्षा तो बदललेला बरा.

यानंतरची परीक्षा या सगळ्या तपासाचा गाभा आहे आणि ती अनेक वर्कशॉपमध्येही कंटाळा करून टाळली जाते. जाड तारांच्या मार्गात व्होल्टेज कोठे हरवते, हे थेट मोजायचे. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खुंटीवर, ठेवावी आणि दुसरी सेल्फच्या सोलेनॉइडवर बॅटरीची जाड तार ज्या बोल्टला येते त्या बोल्टवर ठेवावी. चावी फिरवली नसताना मीटर शून्य दाखवेल. चावी फिरवल्यावर तो जेवढे व्होल्ट दाखवेल तेवढे या मार्गात वाया जात आहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. एक-दोन व्होल्ट आले तर दोष याच मार्गात आहे, आणि तार एकेक टप्पा पुढे सरकवत गेले की नेमकी जागा सापडते. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यातच व्होल्ट दिसले तर दोष तेथे, क्लॅम्प आणि तार यांच्यात दिसले तर दाबून बसवलेल्या टोकात, असे करत पुढे जावे.

निगेटिव्ह बाजूलाही हेच करावे, आणि ही बाजू अधिक दुर्लक्षित असते. एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या किंवा इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर ठेवून चावी फिरवावी. येथे 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंग खराब आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्यामुळे त्याचा बॉडीशी विजेचा संबंध एका-दोन विणलेल्या पट्ट्यांमधूनच असतो, आणि चिखल-पाण्याच्या माऱ्यात त्या पट्ट्यांची टोके गंजतात किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर त्या परत लावायच्याच राहतात. अर्थिंग पूर्ण तुटली की प्रवाह मिळेल त्या वाटेने, कधी क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, परत जाऊ पाहतो. सेल्फ मारताना अशी एखादी केबल गरम झाली तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. मीटर नसताना याची सोपी खातरजमा अशी: जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनच्या जाड, उघड्या धातूला लावून चावी फिरवावी. एवढ्यानेच इंजिन जोमाने फिरले, तर महागडा सेल्फ नव्हे, एक पट्टी बदलायची आहे.

येथेच मूळ प्रश्नातल्या जंपर केबलचा उलगडा होतो. दुसऱ्या गाडीच्या मदतीने गाडी सुरू झाली म्हणजे आपली बॅटरी खराब, हा निष्कर्ष घाईचा आहे. जंपर केबलची काळी तार नियमाप्रमाणे इंजिनच्या धातूला लावली असेल, तर तिने नकळत खराब अर्थिंगला वळसा घातलेला असतो. लाल चिमटा लावताना क्लॅम्प हलून त्याचा संपर्क तात्पुरता सुधारलेलाही असू शकतो. म्हणून पुढच्या वेळी, दुसरी गाडी आणण्याआधी, वरची अर्थिंगची परीक्षा करावी. तिचा काही परिणाम झाला नाही, टर्मिनल स्वच्छ आहेत आणि तरी दुसऱ्या बॅटरीवरच गाडी सुरू होते, तेव्हा मात्र बॅटरी रिकामी होत आहे किंवा चार्ज धरत नाही असे म्हणता येते.

जंपर केबल लावण्याचा क्रमही सांगून ठेवतो. दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्याच असाव्यात. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणून हे अंतर ठेवायचे. मदतीची गाडी पाच-दहा मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा, आणि तारा उलट क्रमाने काढाव्यात. बॅटरीचे कवच फुगलेले, तडकलेले किंवा आतला द्राव गोठलेला असेल तर जंपर केबल लावूच नये. धक्का मारून सुरू करण्याचा उपाय मॅन्युअल गिअरच्या गाडीपुरताच आहे. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर इंधन पंप आणि इंजिनचा कंट्रोल युनिट यांनाच वीज मिळत नाही, मग कितीही ढकलले तरी इंजिन पेट घेत नाही. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड असतात, हे उतारावर विसरू नये.

बॅटरी, टर्मिनल, जाड तारा आणि अर्थिंग या सगळ्यांची परीक्षा झाली आणि सगळे ठीक निघाले, तर आता सेल्फकडे वळावे. उतरवण्याआधी आणखी दोन वाचने घेता येतात. सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात: एकावर बॅटरीची तार, दुसऱ्यावरून मोटरच्या आत जाणारी छोटी जाड पट्टी. चावी धरलेली असताना पहिल्या बोल्टवर 12 च्या आसपास व्होल्ट आहेत आणि 'टक' होऊनही दुसऱ्यावर शून्य आहे, तर चकती आणि संपर्क यांच्यात मार्ग तुटला आहे. दुसऱ्या बोल्टवरही 12 व्होल्ट येतात आणि मोटर ढिम्म आहे, तर दोष मोटरच्या आत, बहुधा ब्रशमध्ये आहे. बारीक तारेच्या टर्मिनलवर, ज्यावर बऱ्याच सेल्फमध्ये 50 हा आकडा कोरलेला असतो, चावी फिरवल्यावर 10 व्होल्टपेक्षा बरेच कमी येत असतील, तर उलट मागे, रिले आणि इग्निशन स्विचकडे जावे.

जळलेले संपर्क उघडून पाहिले की दोष समजावून सांगावा लागत नाही. तांब्याच्या कडा खाल्लेल्या, मधोमध खळगा पडलेला आणि त्यावर काळी काजळी असते. चकती एका बाजूला टेकते, दुसऱ्या बाजूला अधांतरी राहते. म्हणूनच अशी गाडी दहा वेळा 'टक' करते आणि अकराव्या वेळी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. बऱ्याच सेल्फमध्ये एवढे संपर्कच बदलता येतात, संपूर्ण सेल्फ बदलण्याचे कारण नसते. झिजलेल्या ब्रशांचे लक्षणही असेच लहरी असते. ब्रशची लांबी कमी झाली की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, एखाद्या विशिष्ट जागी थांबले की संपर्क तुटतो. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोकले की ब्रश किंवा चकती जागेवर येते आणि गाडी सुरू होते, ही युक्ती अनेकांना ठाऊक आहे. निदान म्हणून ती चांगली आहे, उपाय म्हणून नाही. ठोकल्यावर सुरू झालेली गाडी सेल्फ दुरुस्त होईपर्यंत परक्या जागी बंद करू नये. हातोड्याने जोरात मारणे मात्र टाळावे, कारण काही मोटरांत कायमचुंबक चिकटवलेले असतात आणि ते तडकतात. दोन जाड बोल्टांमध्ये स्क्रूड्रायव्हर टेकवून मोटर थेट फिरवण्याचा प्रकारही मी सुचवणार नाही. त्यात उडणाऱ्या ठिणग्या वेल्डिंगच्या तोडीच्या असतात आणि गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती पुढे उडी घेते.

थंड इंजिन नीट सुरू होते आणि लांबचा प्रवास करून दहा मिनिटे थांबल्यावर मात्र नुसता 'टक' येतो, अशी तक्रार असेल तर उष्णतेचा विचार करावा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. एग्झॉस्टजवळ बसवलेला सोलेनॉइड 80 अंशांनी तापला तर त्याच्या गुंडाळीचा रोध जवळपास 30 टक्के वाढतो आणि ओढण्याची ताकद बरीच घटते. त्यात बारीक तारेतच एखादा व्होल्ट हरवत असेल तर दट्ट्या अर्ध्यावर अडखळतो. उष्णतारोधक पत्रा निघून पडला आहे का, हेही अशा वेळी पाहावे.

इंजिन अडकण्याची शक्यता कमी असली तरी ती तपासल्याशिवाय जोर लावू नये, विशेषतः गाडी नुकतीच साचलेल्या पाण्यातून गेली असेल किंवा कूलंट सतत कमी होत असेल तर. सिलिंडरमध्ये पाणी शिरले की पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण पाणी दाबले जात नाही. अशा स्थितीत वारंवार सेल्फ मारल्यास किंवा धक्का दिल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. न्यूट्रलमध्ये क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवून पाहावे. ते अजिबात फिरले नाही तर स्पार्क प्लग काढून पुन्हा पाहावे, आणि पाणी बाहेर आले तर गाडी टो करून न्यावी. कधीकधी एसीचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग) जाम झालेला असतो. पट्टा उतरवल्यावर इंजिन मोकळे फिरले तर ते कळते.

कोणतीही परीक्षा करताना सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये त्याला एक-दोन मिनिटे विश्रांती द्यावी. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्यांत आला, तेव्हापासून यामागची युक्ती हीच राहिली आहे: मोटर लहान ठेवायची आणि काही सेकंदांपुरती तिच्या कुवतीबाहेर राबवायची. हे सेकंद मिनिटांवर गेले की गुंडाळ्यांचे आवरण जळते, आणि तपासाच्या नादात चांगला सेल्फ खराब होतो.

तपासात बॅटरी रिकामी होत असल्याचे आढळले, तर ती का रिकामी होते हे शोधल्याशिवाय नवी बसवू नये. गाडी सुरू करून बॅटरीवर व्होल्टेज पाहावे. बहुतेक गाड्यांत ते 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असते. इंजिन चालू असूनही 12.5 च्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहायला हवा, आणि 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बॅटरी उकळवत आहे. नव्या गाड्यांत संगणक हे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून एका वाचनावर निकाल न देता हेडलाइट आणि पंखा लावून थोडा वेळ निरीक्षण करावे.

चार्जिंग ठीक असेल, तर तुमच्या वर्णनातला 'दिवसभर चालली, सकाळी बंद' हा क्रम दोनच गोष्टींकडे बोट दाखवतो: चार्ज न धरणारी जुनी बॅटरी किंवा रात्रभर चोरून वाहणारा प्रवाह. रात्री निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवावा. सकाळी तो जोडण्याआधी बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. काहीही जोडलेले नसताना ती रात्रीत 12.6 वरून 12.1 वर आली, तर बॅटरी स्वतःच उतरते आहे. व्होल्टेज टिकले, तर दोष गाडीत आहे. मग निगेटिव्ह खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये मीटर अँपिअरच्या 10 च्या पट्टीवर जोडून, दारे बंद करून, गाडीतले सगळे कंट्रोल युनिट झोपी जाईपर्यंत अर्धा ते एक तास थांबावे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. त्यानंतरचे वाचन 20 ते 50 मिलिअँपिअर असेल तर ते नेहमीचेच. 50 मिलिअँपिअरने दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, जे 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीला जाणवतही नाहीत. तेथे अर्धा अँपिअर दिसला, तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात. मग एकेक फ्यूज काढत वाचन कधी खाली येते ते पाहावे. सुरुवात नंतर बसवून घेतलेल्या वस्तूंपासून करावी, म्हणजे डॅशकॅम, म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर. त्यानंतर डिकीतला आणि ग्लोव्ह बॉक्समधला दिवा. झाकण बंद केल्यावर तो विझतो की नाही हे फोनचा कॅमेरा रेकॉर्डिंग सुरू करून आत ठेवला की लगेच कळते.